आत्याबाईंचं जेल

हल्लीच्या तुरुंगांत उजेड फार कमी असतो. टीव्हीवरच्या तुरुंगांबद्दल बोलतेय मी. परवा सुट्टीला आलेल्या लेकीनं एक मालिका लावून दिली, तर तिच्यात कैदी कोण आणि शिपाई कोण हे कळेपर्यंत माझा चहा निवला. सगळे कुजबुजतात, मध्येच शिव्या देतात, आणि पडद्याच्या तळाशी त्या शिव्यांचं सभ्य भाषांतर धावत राहतं. शिवाय हीच मालिका हव्या त्या भाषेत ऐकता येते म्हणे. हिंदी, तेलुगू, कन्नड, नुसतं बटण दाबायचं. एकाच घरात तीन भाषा नांदवणाऱ्या आमच्या कमलनगरला ही सोय मोठीच म्हणायची. मला मात्र ते बटण पाहून आत्याबाई आठवल्या. आमच्याकडं ते काम त्या करायच्या, आणि बटणापेक्षा पुष्कळ मन लावून करायच्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर चिटगुप्प्याचं, घरात कन्नड बोलणारं. लग्न होऊन कमलनगरला आल्या, तर नवऱ्याच्या किराणा दुकानात येणारं गिऱ्हाईक मराठी बोलायचं. त्यांनी मराठीही उचलली आणि दोन्ही भाषांत सारख्याच फटकळ झाल्या. मी उदगीरची. उदगीर काही परदेश नव्हे. तिथून जीपमध्ये बसलं की पुडीतल्या शेंगा संपायच्या आत कमलनगर येतं. पण मध्ये राज्याची सीमा आहे, आणि ती ओलांडली की दुकानांवरची अक्षरं एकाएकी गोल होतात. मी सून म्हणून आले तेव्हा मला कन्नडातलं 'ऊटा' म्हणजे जेवण एवढं एकच येत होतं, आणि तेही लोक दिवसातून अनेकदा 'जेवलात का' विचारायचे म्हणून.

त्या काळी घरात टीव्ही एकच, आणि तो बघायचा म्हणजे सगळ्यांनी मिळून बघायचा. संध्याकाळी दिवे लागले की कन्नड वाहिनीवर एक मालिका लागायची. एका बस कंडक्टरवर न केलेल्या खुनाचा आळ येतो, तो तुरुंगात जातो, तिथून पळतो, आणि मग गावोगाव लपत खऱ्या खुन्याला शोधत फिरतो. कथा तशी साधी होती. तुरुंगाचे साहेब मात्र साधे नव्हते. ते पडद्यावर येण्याआधी त्यांचे बूट यायचे. बूट चालायचे, थांबायचे, वळायचे, ढोल वाजायचे, विजा कडाडायच्या, आणि मग कुठं साहेबांचं तोंड दिसायचं. एवढा थाट करून साहेब एक वाक्य बोलायचे आणि जाहिराती लागायच्या.

पुढच्या खोलीत दुकान होतं. तिथं मामंजी, म्हणजे माझे सासरे, गल्ल्यावर बसून नुसतं ऐकायचे. "त्या साहेबाला बूट वाजवायच्या बिगर दुसरं काम न्हाई का?" ते तिथूनच ओरडायचे. "कैदी पळंल न्हाई तर काय करंल?"

भाषांतर करायची आत्याबाईंची एक पद्धत होती. प्रसंग सुरू झाला की त्या डावा हात वर करायच्या. हात वर असेतो कुणी खोकायचंसुद्धा नाही. प्रसंग संपला की हात खाली, आणि मग मराठी. वकील भर कोर्टात हातवारे करकरून घामाघूम झाला, की हात खाली: "न्हाई म्हणायलाय." नायकाची बायको खांब धरून सबंध भागभर रडली: "वाट बघायलीय." पुढं मी बरंच वाचलं, थोडंफार लिहिलंही, पण त्या वकिलाचं सगळं भाषण एका नकारात बसवणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. टीव्हीवरची कन्नड मात्र त्यांना पसंत नव्हती. "हे बेंगळूरवाले तोंडात साखर धरून बोलतेत," त्या म्हणायच्या. "ह्यांच्या चोराला बी आपल्याकडं कुणी भ्यायचं न्हाई."

या भाषांतराची खरी गिऱ्हाईक मी नव्हते. ती होती शेजारची अक्का. तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. नवरा पूर्वीच गेलेला, पदरात एक मुलगा, थोडी शेती. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. ती औरादकडच्या खेड्यातली; तिकडं मराठीवर निभतं, फार तर तेलुगू कानावर पडतं. कन्नड तिला अजिबात येत नव्हती. आधी ती आमच्याकडं टीव्हीसाठी कधी आली नव्हती. त्या वर्षी मात्र रोज संध्याकाळी भाकरी उरकून यायची आणि दाराजवळ भिंतीला टेकून बसायची.

का, ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या मुलाचं चुलतभावाशी विहिरीच्या पाळीवरून वाजलं होतं. वाजता वाजता हातातल्या फावड्याचा दांडा बसला आणि चुलतभावाचा हात मोडला. हात पुढं बरा झाला, पण तोवर केस झाली होती आणि मुलगा पळाला होता. तो कुठं आहे हे अक्काला ठाऊक होतं: जहिराबादकडं, बांधकामावर. अधूनमधून आमच्या दुकानातल्या फोनवर त्याचा फोन यायचा, आणि मामंजी 'तुझ्या भाचीचा फोन' असं रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगून तिला बोलवायचे. अक्काला भाची नव्हती, हेही गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

वकिलानं सांगून ठेवलं होतं, पोराला हजर करा. थोडे दिवस आत बसावं लागेल, मग जामीन होईल. पळत राहिला तर प्रकरण चिघळेल. मुलगा म्हणायचा, "आई म्हणंल तसं." म्हणजे सगळं अक्कावर येऊन ठेपलं होतं. आणि तिला एकच गोष्ट कळत नव्हती: आत काय असतं? गल्लीत कुणी तुरुंग पाहिलेला नव्हता, निदान तसं कबूल करणारं कुणी नव्हतं. आमच्या टीव्हीवर तो रोज दिसत होता. म्हणून ती यायची.

आत्याबाईंचा हात खाली आला की अक्का विचारायची, "वैनी, ताटात काय हाय त्येच्या?"

"भात हाय. सार हाय."

"भाकर न्हाई?"

"सकाळी देतेत भाकर."

"आन् पांघराय?"

"दोन दोन देतेत. वरचं वायलं, खालचं वायलं."

एकदा साहेबांचे बूट काठीसकट कोठडीत शिरले, दार लागलं, बाहेर विजा कडाडल्या, आणि पुढच्या प्रसंगात नायक फरशीवर पडून कण्हत होता. अक्का पुढं सरकली. "काय झालं त्येला?"

"ताप आलाय," आत्याबाई म्हणाल्या.

"गोळी दिली का न्हाई?"

"आणाय गेलेत."

आता माझ्या कन्नडविषयी. ती याच मालिकेवर वाढत होती, आणि तिचं व्हायचं तेच झालं. सबंध मालिकेत स्वच्छ, सावकाश आणि खणखणीत बोलणारे एकच गृहस्थ होते, तुरुंगाचे साहेब. साहजिकच मी त्यांच्याकडून शिकले. रेशनकार्डावर नाव चढवायला औरादच्या कचेरीत गेले होते. रांगेतून कशीबशी खिडकीशी पोचले, आणि नेमके आतले वयस्कर कारकून पाणी प्यायला उठले. मी जवळ होती तेवढी सगळी कन्नड एकवटून म्हणाले, "एय्, निल्लो! एल्लि होगतीया?" मराठीत सांगायचं तर, ए, थांब रे! कुठं चाललास? कचेरी गप्प झाली. कारकून थांबले, आणि इतक्या मुकाट्यानं परत बसले की मीच घाबरले. कागद हातात देताना त्यांनी चांगल्या मराठीत विचारलं, "ताई, तुमचे मालक पोलिसात हायेत का?"

घरी सांगितलं तेव्हा आत्याबाई पदर तोंडात धरून हसल्या. "नवरा दुकानदार आन् बायको जेलर," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला 'बर्री', 'कुंद्री', म्हणजे या, बसा, अशी माणसांत वापरायची कन्नड शिकवायला घेतली. भाजी निवडताना शब्द, भाकरी थापताना वाक्यं. आमचं सासू-सुनेचं जे काही जमलं ते या शिकवणीत जमलं. आणि पंचाईतही तिनंच केली, कारण हळूहळू मला मालिका समजू लागली.

त्या संध्याकाळी साहेब बूट वाजवत आले, गजांना टेकले आणि नायकाला म्हणाले की या कोठडीतून आजवर कुणी धड बाहेर गेलेलं नाही. मला ते वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत कळलं. इतका आनंद झाला की अर्थाकडं लक्षच गेलं नाही. तेवढ्यात आत्याबाईंचा हात खाली आला. "म्हणायलाय," त्या अक्काला म्हणाल्या, "नीट वागलास तर लवकर सोडतो."

दुसऱ्या दिवशी त्या सुपात तुरीची डाळ पाखडत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही अक्काला दुसरंच सांगायलाव."

"काय दुसरं?"

"साहेब तसं म्हणाला न्हाई."

"मी शिकवलेली कन्नड मलाच दाखवायलीस व्हय?" सूप चालूच होतं. "तो म्हणाला ते तरी खरं हाय का? लिहिणारा बेंगळुरात पंख्याखाली बसून लिहितो. त्यानं कुठं जेल बघितलंय? त्यानं त्याच्या मनानं केलं, मी माझ्या मनानं करायले. अक्काचं पोरगं माझ्या मांडीवर वाढलंय. त्याच्या मांडीवर न्हाई."

लिहिणाऱ्यानं लिहिलं ते पोचवणाऱ्यानं तसंच पोचवावं, या मताची मी तेव्हाही होते आणि आजही आहे. पण बूट आणि विजा यांच्यावर बेतलेल्या त्या तुरुंगाची बाजू घेऊन भांडायचं मला सुचेना. मी एवढंच म्हटलं, "पण तुमच्या भरोशावर तिनं पोराला बोलावलं, आन् आत खरंच तसं असलं तर?"

सूप थांबलं. "तेच की," आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्यापायी झोप येईना मला."

आणि तरीही संध्याकाळी त्या कैद्यांना जिलेबी वाढून मोकळ्या झाल्या. कसल्याशा सणाचा प्रसंग होता, एवढाच त्यांना आधार.

मग एके दिवशी कंडक्टर पळाला. काय तो दिवस! खिडकीशी पोरांची गर्दी, ओट्यावर बाप्ये, दुकानातलं गिऱ्हाईक निम्मं सामान तसंच टाकून आत आलेलं. भिंतीवरून त्यानं पलीकडं उडी टाकली तेव्हा सगळ्या घरानं ओरडून त्याला साथ दिली, आणि मामंजींनी डब्यातले फुटाणे वाटले. कायदा मोडल्याचा इतका निर्मळ आनंद मी पुन्हा पाहिला नाही. पुढचे कितीतरी दिवस तो उसात झोपायचा, कुणाच्या गोठ्यात दडायचा, जत्रेच्या गर्दीत लांबून बायकोला बघायचा, आणि गल्ली त्याच्याबरोबर पळायची. आता भाषांतराचीही फारशी गरज उरली नव्हती. एक अक्का तेवढी गप्प झाली. ताटात काय आहे, हेसुद्धा तिनं विचारणं सोडलं.

पुढं आत्याबाई भाच्याच्या लग्नाला चिटगुप्प्याला गेल्या. त्याच संध्याकाळी ऐन मालिकेच्या वेळी लाईट गेली. गल्लीभर हळहळ झाली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा दाखवायचे. त्या उन्हात माणसं शेतात नाहीतर बाजारात, दुकानात मामंजी, आत मी एकटी. तेवढ्यात अक्का आली. आज ती दाराशी बसली नाही, आत्याबाईंच्या पलंगाजवळ माझ्याशेजारी बसली.

"वैनी न्हाई," ती म्हणाली. "आज तू सांग."

आणि तो भाग नेमका असा निघाला: पळून पळून थकलेला कंडक्टर दुपारच्या वेळी सरळ चौकीत जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, मीच तो. त्याला परत त्याच तुरुंगात आणतात. मोठं फाटक उघडतं. बूट येतात. ढोल वाजतात. साहेब त्याला खालपासून वरपर्यंत बघतात आणि सावकाश, स्वच्छ, माझ्या ओळखीच्या कन्नडात म्हणतात: आलास? आता तुझ्या आईलासुद्धा तू ओळखू येणार नाहीस.

जाहिराती लागल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात वर आहे.

"काय म्हणाला गं?" अक्कानं विचारलं.

मी हात खाली घेतला. "म्हणाला... आलास ते बरं केलंस."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती हसली, दात दिसतील एवढं. "तू बी सासूच्याच वळणाची निघालीस."

"तसं न्हाई अक्का, तो खरंच..."

"राहू दे गं. डोळ्याला कन्नड लागतंय व्हय? काठी दिसती की मला. काठीनं ताप येतो का कुणाला?"

मी म्हटलं, "मग तुम्ही आत्याबाईंना कधी म्हणाला न्हाईत."

"कामून म्हणू?" अक्का म्हणाली. "वकील खरं सांगायलाय, दीर खरं सांगायलाय, रस्त्यानं जाणारा माणूस बी थांबून खरं सांगून जायलाय. एक बाई रोज घसा कोरडा करून मला बरं वाटंल असं सांगती. तिचं मन कामून मोडू?"

पडद्यावर साबणाची जाहिरात चालली होती. अक्का तीही लक्ष देऊन बघत होती. मग पडद्याकडंच तोंड ठेवून म्हणाली, "आत होता तवा ह्यो मार खाऊन का हुईना, झोपत तरी होता. शेजारचा कैदी पाणी देत होता. पळाल्यापासून ह्येला कधी निजलेला बघितलीस का तू? मी रोज बघायलेय. उभ्यानं खातोय. कुत्रं भुकलं की उठून बसतोय. तुम्ही समदे टाळ्या वाजवायलाव, आन् मला तिकडं माझं पोरगं दिसायलंय."

जाहिराती संपून मालिका पुन्हा सुरू झाली होती. अक्का उठली. "बस झालं," म्हणाली. "येऊ दे त्येला. काय व्हायचं ते कुठं व्हायलंय ते तरी मला ठाव असंल." आणि मालिका अर्धी टाकून ती दुकानातल्या फोनपाशी गेली. मामंजी गल्ल्यावरून उठून बाहेर रस्त्यात जाऊन उभे राहिले.

शेवट ताणून धरायची मालिकावाल्यांची सवय मला आवडत नाही, म्हणून पुढचं आधीच सांगून टाकते. मुलगा आला, वकिलाबरोबर जाऊन हजर झाला. यथावकाश जामीन झाला, चुलतभावाशी समेट झाला, आणि आता तो कमलनगर ते औराद जीप चालवतो आणि चुलतभावाचीच माणसं त्याच्या जीपच्या टपावर बसतात. आत्याबाई आता नाहीत. अक्का आहे, तिला कमी दिसतं. त्या मालिकेत खरा खुनी सापडला की नाही, हे मला आठवत नाही. आठवते ती जामिनाआधीची एक सकाळ, अक्काचा मुलगा आत असतानाची.

आम्ही तिघी जिल्ह्याच्या जेलात त्याला भेटायला गेलो. आत्याबाई मुद्दाम आल्या होत्या, कारण तिथं सगळा कारभार कन्नडात, आणि अक्काची बाजू मांडणार कोण? ठेवणीतलं इरकल नेसून, बसमध्ये ओठांतल्या ओठांत वाक्यं जुळवत त्या बसल्या होत्या. फाटक टीव्हीवरच्यापेक्षा पुष्कळ लहान होतं. ढोल नव्हते. दारावरच्या शिपायाच्या बुटांच्या टाचा झिजलेल्या, त्यामुळं ते वाजतही नव्हते. आत्याबाई पदर सावरून पुढं झाल्या आणि तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, "कुठून आलाव मावशी? कमलनगर? माझी सासुरवाडी औरादची की. बसा, बोलावतो."

आत्याबाई बसल्या. इतकी तयारी वाया गेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं.

मुलगा जाळीपलीकडं आला. केस बारीक कापलेले, थोडा उतरलेला. अक्कानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग अक्कानं विचारलं, "भाकर देतेत का?"

"सकाळी देतेत."

आत्याबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू ती भाकर त्यांनीच थापून पाठवली होती.

"आन् पांघराय?"

"एक हाय. पुरत न्हाई."

आत्याबाई खाली बघू लागल्या. अक्कानं पिशवीतून घोंगडी काढली; दोन दोन देतात, हे तिला कधीच खरं वाटलं नव्हतं. शिपायानं ती झटकून, चाचपून आत दिली. शेताचं, बैलाचं, जामिनाचं बोलणं झालं. वेळ संपत आली तसा मुलगा जाळीजवळ सरकला.

"आई, ती कंडक्टरची मालिका तुम्ही बघायलाव का? हितं रोज लावतेत. समदे बसतेत बघत, पण कन्नडात हाय, मला निम्मंच कळतंय. तो तर पळाला होता म्हणं. मग परत आत कसा आला?"

"हजर झाला की," अक्का म्हणाली.

"आपण होऊन?"

"आपण होऊन."

"मग साहेब काय म्हणाला त्येला?"

आत्याबाईंची मान सवयीनं वर आली. पण तो भाग लागला तेव्हा त्या चिटगुप्प्याला लग्नात होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी अक्काकडं पाहिलं.

"काय म्हणणार?" अक्कानं जाळीवर हात टेकला. "आलास ते बरं केलंस, म्हणाला."